रेशनच्या पिशवीत दादर का नाही?

रेशनचा तांदूळ सुपात घेतला की शंभरात एखादा दाणा वेगळा दिसतो. जरा पांढरट, अपारदर्शक, कडा गुळगुळीत. पाण्यात टाकला तर कधी वर येतो. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून कितीतरी घरांत हे दाणे निवडून उकिरड्यावर जातात. तो दाणा प्लास्टिकचा नाही. तुकडा तांदळाचे पीठ करून त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळतात, यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकारात काढतात आणि शंभर भाग साध्या तांदळात असा एक भाग घालतात. सरकारी भाषेत हा गुणसंवर्धित किंवा फोर्टिफाइड तांदूळ. निवडून फेकला तर शासनाने मुद्दाम घातले तेवढेच नेमके फेकले जाते आणि पिशवीत उरतो तो नुसता पांढरा तांदूळ.

दाणा फेकू नये, हे सांगून झाले. खरा प्रश्न पुढचा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात आधी पॉलिश केलेला तांदूळ आणायचा, मग त्यात लोह मिसळायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? जे धान्य इथल्या काळ्या मातीत पिकते आणि ज्याचा कोंडा कोणी काढलेलाच नसतो, ते, म्हणजे दादर (रब्बीची ज्वारी), रेशनच्या पिशवीत का येत नाही?

कोंडा काढणे म्हणजे काय, ते आधी पाहू. धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, आतला पिठूळ गर आणि कडेला चिमुकला अंकुर. गव्हात वजनाने गर साधारण ८३ टक्के, कोंडा १४ ते १५ टक्के आणि अंकुर अडीच टक्के. गरात मुख्यतः स्टार्च आणि प्रथिने. चोथा (फायबर), लोह, जस्त, मॅग्नेशियम आणि ब गटातली बरीच जीवनसत्त्वे कोंड्यात आणि अंकुरात. रोलर मिलमध्ये पोलादी रूळ दाणा फोडतात, चाळण्या कोंडा आणि अंकुर बाजूला करतात आणि शंभर किलो गव्हातून सत्तर-पंचाहत्तर किलो मैदा निघतो. उरलेला कोंडा दुभत्या जनावरांच्या आंबोणात जातो. म्हणजे मॅग्नेशियम म्हशीला आणि पाव-खारी पोराला, अशी ही वाटणी.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम कणकेत चोथा ११.४ ग्रॅम, मैद्यात २.८. लोह ४.१ मिलिग्रॅमवरून १.८ वर येते, जस्त २.९ वरून ०.९ वर, मॅग्नेशियम १२५ वरून ३१ च्या आसपास. प्रथिने मात्र जवळजवळ तेवढीच राहतात, साडेदहाच्या घरात. म्हणून पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघून मैदा ओळखू येत नाही. चोथ्याचा आकडा बघावा लागतो.

काढून घेतलेले परत घालण्याची कल्पना जुनी आहे. जावा बेटावर पॉलिश तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्याने त्या बऱ्या होतात, हे ख्रिस्तियान आइकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले. त्याबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. अमेरिकेने १९४१ मध्ये 'एनरिच्ड' पिठाचे मानक ठरवले. मैद्यात बी-१, बी-२, नायसिन आणि लोह परत घालायचे, आणि १९९८ पासून त्यात फॉलिक आम्लही. त्याचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यादी पाच नावांवर संपते. चोथा, मॅग्नेशियम, जस्त, बी-६, ई जीवनसत्त्व परत येत नाही. गाईचे दूध काढून घ्यायचे आणि वासराला वाटीभर परत पाजायचे, तसे हे 'समृद्ध' पीठ.

आपल्याकडे रेशनच्या तांदळात तीनच गोष्टी पडतात. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, फॉलिक आम्ल ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम, बी-१२ पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम. जस्त आणि ब गटातली इतर जीवनसत्त्वे ऐच्छिक आहेत. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ ला या तांदळाची घोषणा केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२८ पर्यंतच्या पुरवठ्यासाठी १७,०८२ कोटी रुपयांना मंजुरी दिली.

आता रोज अडीचशे ग्रॅम धान्य खाणाऱ्या बाईचा हिशेब मांडू. तिची लोहाची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिवसाला २९ मिलिग्रॅम धरली आहे. साधा पांढरा तांदूळ तिला जेमतेम १.६ मिलिग्रॅम देतो. फोर्टिफाइड तांदूळ, नियमातले किमान प्रमाण धरून, साडेआठच्या पुढे. तेवढीच ज्वारी ९.९. बाजरी १६. लोहाच्या बाबतीत कारखान्यातून दाणे बनवून आणि शंभरास एक मिसळून आपण कुठे पोचलो, तर ज्वारीच्या अलीकडे. आणि चोथा? तांदळात ७ ग्रॅम, ज्वारीत २५. मॅग्नेशियम तांदळात पन्नासच्या आत, ज्वारीत ३३० च्या वर. तांदळात लोह घातले म्हणून हे दोन आकडे तसूभरही हलत नाहीत. जेवणानंतर साखर भराभर चढणे, पोट साफ न होणे, तासाभरात पुन्हा भूक लागणे, यांचा संबंध या दोन आकड्यांशी आहे, आणि त्यावर लोहाच्या दाण्याचा काही इलाज नाही.

एक गोष्ट इथे तांदळाच्या बाजूने नोंदवायला हवी. पॉलिश न केलेल्या तांदळातही लोह १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आसपासच असते. म्हणजे फोर्टिफाइड तांदळात घातलेले लोह हे 'परत दिलेले' नाही, नव्याने दिलेले आहे. बी-१२ तर कुठल्याच धान्यात नसते, मग ती दादर असो की बाजरी. दूध, अंडी, मांस-मासळी ज्या ताटात क्वचित येते, त्या ताटाला बी-१२ भाकरीतून मिळणार नाही. फॉलिक आम्लही नैसर्गिक फोलेटपेक्षा अंगी जास्त लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. अशा राज्यात फोर्टिफाइड तांदूळ उद्यापासून बंद करा, असे म्हणणारा माणूस शुद्धीवर नाही.

ज्वारीचे गोडवे गाणाऱ्यांनीही एक इतिहास विसरू नये. ज्वारी हेच जवळजवळ एकमेव अन्न असलेल्या दख्खनच्या गरीब मजुरांत पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार दिसे: उन्हात कातडी काळी पडून सोलणे, जुलाब, भ्रम. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ज्या हैदराबादच्या प्रयोगशाळेतून उभी राहिली, तिथे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसीन या अमिनो आम्लाशी जोडला. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले, पण व्यवहारातला धडा टिकला: नुसती भाकर आणि ठेचा हे पुरे अन्न नव्हे. शिवाय कोंड्यात फायटेट असते, ते लोह आणि जस्त बांधून ठेवते. ज्वारीतले ९.९ मिलिग्रॅम लोह रक्तात तेवढेच उतरते असे मुळीच नाही. तांदळात घालतात ते लोहाचे संयुग, फेरिक पायरोफॉस्फेट, तेही सहज शोषले जाणारे नव्हे, त्यामुळे या बाबतीत कोणी कोणाला हसू नये. दोन्हीकडे उपाय तोच. जेवणाला लिंबू, कच्चा कांदा-मिरची किंवा हिरवी पालेभाजी असावी आणि चहा जेवणाला चिकटून नसावा, निदान तासभर मागे-पुढे असावा. सकाळची चहा-भाकर पोट भरते, पण भाकरीतले लोह चहातले टॅनिन अडवून धरते.

खान्देशाने यावरचा उपाय गिरणीतच शोधून ठेवला आहे. त्याचे नाव कळणा. अहिराणीत 'कयनानी भाकर'. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट काळे उडीद, खडे मीठ आणि कोणी घालतात ते मूठभर मेथीदाणे, सगळे एकत्र दळायचे. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी, उडदात भरपूर. १०० ग्रॅम कळण्याच्या पिठाचा हिशेब केला तर प्रथिने १० वरून १२.४ ग्रॅमवर जातात, चोथा १२.३ ग्रॅम होतो, लोह ४.३५ मिलिग्रॅम, आणि फोलेट ३९ वरून ५८ मायक्रोग्रॅमवर. आणखी एक फायदा कोष्टकात दिसत नाही. उडदाच्या चिकटपणामुळे भाकर थापताना कडा फाटत नाहीत आणि गार झाली तरी लवचिक राहते. शेतात नेण्याच्या भाकरीला हे फार उपयोगी.

या मिश्रणामागे शेतीही आहे. भारी काळ्या जमिनीत खरिपात मूग-उडीद घ्यायचे, ते निघाले की ओलीवर रब्बीची दादर पेरायची, हा तापीखोऱ्यातला जुना फेरा. एकाच शेतातले एका वर्षातले दोन्ही पीक एका डब्यातून गिरणीवर जाई.

कळणा बिघडतो तो दळण्यात आणि साठवण्यात. मीठ ओल ओढते, म्हणून पावसाळ्यात आठ दिवसांपुरताच, दोन-तीन किलो दळावा. उडीद धुतले असतील तर कडकडीत वाळलेले हवेत, नाहीतर गिरणीच्या दगडाला पीठ लेपते. पीठ हाताला चटका देण्याइतके गरम पडत असेल आणि जळका वास येत असेल तर दगड फार घट्ट बसवले आहेत. चाळल्यावर किलोमागे मूठभराहून जास्त भरड उरत असेल तर दगडाला टाकी लावायची वेळ झाली आहे. घरी भाकरीचे पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळले तर रोलर मिलचे काम आपणच हाताने केले, असे समजावे. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकर थापता थापता मोडते. तेव्हा उकळीचे पाणी घालून मळले तर स्टार्च थोडा शिजतो आणि पीठ धरते, पण गेलेली चव येत नाही. बाजरीचे तर आणखी लवकर. तिच्यात चरबी साडेपाच टक्क्यांच्या घरात, दळल्यावर तिचे विघटन होते आणि पीठ आठवड्याभरात कडू लागते. तेव्हा रेशनवर द्यायचे ते धान्य म्हणूनच द्यावे, पीठ म्हणून नव्हे.

'भरडधान्य' म्हटले की ते अख्खेच असते, हाही समज काढून टाकावा. एकादशीची पांढरीशुभ्र भगर पॉलिश केलेली असते. सातपुड्यातल्या मोर, बंटी या भरडधान्यांचा दाणा सडल्यावर, म्हणजे कांडल्यावर, जो मातकट रंग राहतो, तोच त्यांच्यातल्या कोंड्याचा पुरावा. बिबड्यांसाठीही (ज्वारीच्या पापडांसाठी) ज्वारी सडून कोंडा काढूनच भिजत घालतात. तक्रार नाही, बिबडे तोंडी लावणे आहे. मांड्यांचे पीठ तर वस्त्रगाळ. म्हणजे कोंडा काढण्याचा शोध काही रोलर मिलने लावलेला नाही. फरक इतकाच की खापरावरचे मांडे अखजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि लग्नाकार्याला होत, आणि मैद्याचा पाव, टोस्ट, खारी आज रोज सकाळी होते.

बाजारात 'मल्टिग्रेन', 'श्री अन्न' (भरडधान्याचे सरकारी नाव) असे लिहिलेली बिस्किटे आली आहेत. पाकीट उलटे करावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक असते. पहिले नाव 'परिष्कृत गव्हाचे पीठ' असेल तर तो मैदा, पुढे ज्वारी चार टक्के असो की नाचणी सहा. ब्राऊन ब्रेडचा रंग कॅरॅमलचाही असू शकतो. सोपी कसोटी अशी की दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे निदान १ ग्रॅम चोथा हवा. कणीक या कसोटीला सहज उतरते, मैदा नापास होतो. निळ्या '+एफ' चिन्हाचा अर्थ एवढाच की त्यात काही पोषकद्रव्ये घातली आहेत. धान्य अख्खे आहे असे ते चिन्ह सांगत नाही, आणि गल्लत होते ती नेमकी इथेच.

आता रेशन. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे तिन्ही नावानिशी लिहिले होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. म्हणजे ज्वारी द्यायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी खरेदीत आहे, आणि ती खोटी नाही. खरिपाची संकरित ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की दाणा काळा पडतो, बुरशी येते. ओलाव्याची मर्यादा १४ टक्के. खरेदी केंद्र उशिरा उघडले तर शेतकरी व्यापाऱ्याला देऊन मोकळा झालेला असतो. गोदामात सोंडे लागतात. असे धान्य एकदा रेशनवर आले की लोक म्हणतात, "यापेक्षा तांदूळ बरा," आणि ज्वारी-विरोधकांना आयता दाखला मिळतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. काळ्या पडलेल्या खरीप ज्वारीची नको, रब्बीच्या दादरची. ती कोरड्या हवेत पक्व होते, दाणा टपोरा आणि स्वच्छ राहतो. माणशी ५ किलोंपैकी २ किलो ज्वारी, जोडीला राज्याच्या खर्चाने ५०० ग्रॅम काळे उडीद, उरलेला ३ किलो फोर्टिफाइड तांदूळ जसा आहे तसा. चौघांच्या घराला ८ किलो ज्वारी आणि २ किलो उडीद, म्हणजे महिन्याला दहा किलो कळणा, माणशी रोज ऐंशी-पंचाऐंशी ग्रॅम. एक भाकर. उडदाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,८०० रुपये, तेव्हा अर्ध्या किलोचे ३९ रुपये, वर वाहतूक. हा खर्च मोठा आहे, पण त्यात प्रथिने येतात, आणि ती तांदळात मिसळून देता येत नाहीत. खरेदी जानेवारी ते मार्च, वाटप त्याच तीन जिल्ह्यांत. दूरच्या गोदामातून फिरवून आणण्यात धान्याला टोके लागतात आणि हशील काही नाही.

नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक बाब आहे, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. २०१८ च्या नियमांत लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी सावधानतेची सूचना बंधनकारक होती. तज्ज्ञ समितीने फोर्टिफाइड तांदळापासून धोका असल्याचा पुरावा नाही असे सांगितल्यावर केंद्राने २०२४ मध्ये तांदळावरची ती सूचना काढली. तरी ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या अंगात लोह साचलेले असू शकते, आणि त्याने काय खावे हे डॉक्टरनेच सांगायचे. अडचण अशी की रेशनवर बिगर-फोर्टिफाइड तांदूळ मागून मिळेलच असे नाही. पिशवीत ज्वारी असेल तर अशा घराला निदान निवड राहते.

"भाकरी थापणार कोण?" हा आक्षेप मात्र वजनदार आहे. कुकरची शिटी आणि तव्यापुढची पाऊण तासाची बैठक यांत बाईने कुकर निवडला तर तिला पोषणाचे धडे देऊ नयेत. शाळेच्या आहारात तर भाकरी जमणारच नाही. ३०० मुलांना एकेक भाकर, तव्यावर प्रत्येकी दोन मिनिटे धरली तरी दहा तास. चार तवे मांडले तरी अडीच तास, आणि थापणारे हात वेगळेच.

शाळेसाठी कण्या हव्यात. दगडी गिरणीवर ज्वारी भरड दळायची, चाळून कोंडा काढायचा नाही. प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ हे ठरलेले माप आहे. ३०० मुलांना ३० किलो कण्या, ६ किलो मुगाची डाळ. कण्या रात्रीच भिजत घालायच्या आणि सकाळी ते पाणी काढून टाकायचे, फायटेट थोडे कमी होते आणि शिजायचा वेळही वाचतो. फोडणीत दीड किलो तेल, कण्यांच्या चौपट पाणी, उकळी फुटल्यावर धार धरून कण्या सोडायच्या आणि पहिली दहा मिनिटे हात थांबवायचा नाही. गुठळ्या होतात त्या तेव्हाच, आणि पातेल्याच्या बुडाला लागते तेही तेव्हाच. मग आच कमी करून झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास. दाणा बोटांत दाबल्यावर मधे खडा लागला तर आणखी गरम पाणी, गार नव्हे. गार पाण्याने शिजणे मंदावते आणि मुले अर्धे ताट टाकतात. कण्या गार झाल्या की दगडासारख्या घट्ट बसतात, म्हणून घंटा होण्याच्या दहा मिनिटे आधी उतरवायच्या, तासभर आधी नाही. वाढताना लिंबाची फोड द्यायची.